मुलाखतीच्या टेबलावरचा शाफ्ट

आमच्याकडे क्वालिटी किंवा प्रॉडक्शनच्या जागेसाठी कोणी मुलाखतीला आलं, की मी बायोडेटा बाजूला ठेवते आणि टेबलावर एक शाफ्ट, म्हणजे पोलादाचा गोल दांडा, ठेवते. शेजारी त्याचं ड्रॉइंग, एक व्हर्निअर, एक साधा मायक्रोमीटर, एक डिजिटल मायक्रोमीटर आणि पुसायला कापड. म्हणते, "हा व्यास मोज आणि पीस पास की रिजेक्ट ते सांग. घाई नाही."

ड्रॉइंगवर असतं २० एच ७. म्हणजे व्यास जास्तीत जास्त २०.००० मिलिमीटर आणि कमीत कमी १९.९७९. सगळी मोकळीक, म्हणजे टॉलरन्स, ०.०२१ मिलिमीटरची, म्हणजे २१ मायक्रॉनची. व्हर्निअरचा लीस्ट काउंटच, म्हणजे त्यावर वाचता येणारं लहानात लहान माप, २० मायक्रॉन. त्याने हा पीस पास करणं म्हणजे डोळे मिटून सही करणं. साध्या मायक्रोमीटरवर एक रेघ १० मायक्रॉनची. टॉलरन्सच्या साधारण दहाव्या हिश्श्यापर्यंत वाचणारं साधन घ्यावं, हा आमच्या कामातला जुना नियम. त्या हिशोबाने एका मायक्रॉनपर्यंत वाचणारा डिजिटलच उचलायला हवा. यातलं काहीही अवघड नाही, डिप्लोमाला हे सगळं शिकवलेलं असतं.

मी भोसरी एमआयडीसीतल्या एका मशिनिंग कारखान्यात क्वालिटी बघते. गाड्यांचे पार्ट बनतात. गणेशखिंड रस्त्यावरच्या शासकीय तंत्रनिकेतनातून डिप्लोमा करून मी या कामात आले आणि गेली बरीच वर्षं मुलाखतीच्या टेबलाच्या या बाजूला बसते आहे. निकाल लागले की आमच्या गेटवर फायली घेतलेली पोरं दिसायला लागतात. कोणी नाशिक फाट्याहून रिक्षा बदलत आलेलं असतं, कोणी लातूर-परभणीहून रात्रभर एसटीत बसून थेट. त्यांना सगळ्यांनी एकच सांगितलेलं असतं: "टेक्निकल सगळ्यांचंच सारखं असतं रे, नोकरी सॉफ्ट स्किल्सवर मिळते." हे ऐकून ऐकून माझा जीव तुटतो, म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

शाफ्ट हातात दिल्यावर मी बोलत नाही, हात बघते. साधन उचलण्याआधी ड्रॉइंग वाचतोय का? मायक्रोमीटरच्या तोंडाचे पृष्ठभाग पुसतोय का, शाफ्टवरचं तेल पुसतोय का? बंद करून शून्य तपासतोय का? ठरावीक दाबाला घसरणाऱ्या रॅचेटने टेकवतोय की फिरवायची नळी, थिंबलच, आवळतोय? एका जागी मोजून मोकळा होतोय, की दोन्ही टोकांना आणि मध्ये, आणि शाफ्ट नव्वद अंशांत फिरवून पुन्हा, असं बघतोय? कडेला बारीकशी बर, म्हणजे कापताना राहिलेली धारदार कड, मुद्दाम ठेवलेली असते. ती बोटाला लागली तर काही बोलतोय का?

कधी कधी मी लाईनवरून नुकताच उतरलेला जॉब, म्हणजे पीस, मागवते. हाताला चांगला कोमट लागतो. मागे एक मुलगी आली होती, आयटीआय करून मग डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला गेलेली. तिने शाफ्ट उचलला, लगेच खाली ठेवला आणि विचारलं, "मॅडम, हा आत्ताच उतरलाय ना? थोडा वेळ थांबूया का?" लांबी मोजण्यासाठी जगभर २० अंश सेल्सिअस हे तापमान धरतात. पोलाद एका अंशाला मीटरमागे साधारण ११.५ मायक्रॉन वाढतं. ४५ अंशांवरचा २० मिलिमीटरचा शाफ्ट म्हणजे जवळपास ६ मायक्रॉन फुगलेला असणार. गरम असताना १९.९८२ दाखवणारा पीस तुम्ही पास केलात, तर थंड झाल्यावर तो १९.९७६ भरेल, म्हणजे रिजेक्ट. २१ मधले सहा मायक्रॉन नुसत्या घाईत जातात.

तिला हे गणित तोंडपाठ नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "आकडा आठवत नाही, पण गरम पीस मोठा दाखवतो एवढं माहिती आहे. आमच्या वर्कशॉपमधल्या काकांनी सांगितलं होतं."

आता मला सांगा, या एका वाक्यात हार्ड स्किल कुठे संपतं आणि सॉफ्ट स्किल कुठे सुरू होतं? गरम पोलाद फुगतं हे ज्ञान झालं. मुलाखतीच्या ताणातही थांबायचं सुचणं हा स्वभाव. पलीकडे मॅनेजर बसलेली असताना "थांबूया का" असं विचारायला धीर लागतो. आकडा आठवत नाही हे सरळ सांगायला प्रामाणिकपणा लागतो. आणि हे आपल्याला कॉलेजच्या वर्कशॉपमधल्या अटेंडंटने शिकवलं, हे आवर्जून सांगणं मला फार मोलाचं वाटतं. एका पीसवर हे सगळं दिसलं. वेगवेगळ्या रकान्यांत मांडता येणार नाही इतकं ते एकमेकांत मुरलेलं होतं.

मला एवढंच म्हणायचं आहे की, कामाचं कौशल्य आणि माणसाचं वागणं या दोन वेगळ्या परीक्षा नाहीत. वागणं कामातूनच दिसतं. काम न देता ते बघायला गेलात, तर तुम्हाला दिसेल फक्त इंग्रजी आणि इस्त्रीचा शर्ट.

पुण्यात नेमकं हेच होतंय. डेक्कनपासून चिंचवडपर्यंत पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट आणि स्पोकन इंग्लिशचे बोर्ड लागलेले आहेत. घरच्यांनी सोयाबीनच्या नाहीतर उसाच्या पैशातून फी भरलेली असते. तिथून पोरं एक भाषण पाठ करून येतात. आपलं नाव, गाव, "माय स्ट्रेंग्थ इज टीमवर्क, माय वीकनेस इज आय ॲम अ परफेक्शनिस्ट". सगळ्यांचं तेच, त्याच क्रमाने. बोलताना मान ताठ, नजर माझ्या डोक्याच्या वर कुठेतरी. एक शब्द चुकला की पुन्हा पहिल्यापासून. मला त्या पोरांचा राग येत नाही, शिकवणाऱ्यांचा येतो. कारण त्याच मुलाच्या हातात शाफ्ट दिला की खांदे सैल पडतात, आवाज खाली येतो आणि तो मराठीत बोलायला लागतो. "मॅडम, या टोकाला तीन मायक्रॉन जास्त येतंय. टेपर आहे बहुतेक. टेलस्टॉक (जॉबचं दुसरं टोक धरणारा मशिनचा भाग) बघायला पाहिजे." जो मुलगा दोन मिनिटांपूर्वी स्वतःबद्दल काही सांगू शकत नव्हता, त्याने आता स्वतःबद्दल मला हवं ते सगळं सांगितलेलं असतं.

या क्लासमध्ये आणि कॉलेजच्या सेमिनारमध्ये एक स्लाइड हमखास असते: यशात ८५ टक्के वाटा सॉफ्ट स्किल्सचा, फक्त १५ टक्के तांत्रिक ज्ञानाचा. खाली कुठल्यातरी मोठ्या अमेरिकन विद्यापीठाचं नाव. या आकड्याचा माग काढत गेलं की आपण १९१८ सालच्या एका अहवालापाशी पोचतो. चार्ल्स रिबोर्ग मॅन या भौतिकशास्त्रज्ञाने कार्नेगी फाउंडेशनसाठी अमेरिकेतल्या इंजिनिअरिंग शिक्षणाचा अभ्यास केला होता. त्यात त्याने हजारो कामावरच्या इंजिनिअरांना सहा गोष्टींचा क्रम लावायला सांगितला. उत्तरांची सरासरी अशी आली: चारित्र्य २४, निर्णयबुद्धी १९.५, कार्यक्षमता १६.५, माणसांची समज १५, इंजिनिअरिंगचं मूलभूत ज्ञान १५ आणि तंत्र १०.

बेरीज १०० होते. ज्ञानाचे १५ बाजूला काढले की उरतात ८५. पण त्या ८५ मध्ये तंत्राचे १० आहेत, म्हणजे आपण ज्याला आज हार्ड स्किल म्हणतो तेच. निर्णयबुद्धीचे १९.५ आहेत, आणि २१ मायक्रॉनमधला पीस पास करायचा की नाही, याचा निर्णय ज्ञानाशिवाय कोण घेऊन दाखवेल? लोकांशी वागण्या-बोलण्याचे म्हणता येतील असे त्यात निव्वळ १५ आहेत, ज्ञानाच्या बरोबरीने. शिवाय हे यशाचं मोजमाप नव्हतंच, इंजिनिअरांचं मत होतं. मत देणारे सगळे आधीच इंजिनिअर झालेले होते. ज्यांच्या हातात काम पक्कं आहे, ते म्हणणारच की आता फरक पडतो तो स्वभावाने. शंभरहून जास्त वर्षांपूर्वीचं हे मत आज आपण लाईनवर कधी न गेलेल्या पोरांना दाखवतो आणि सांगतो, तांत्रिकाचं वजन फक्त १५. मग ती पोरं लॅबचे तास बुडवून क्लासला जातात. हे मला सहन होत नाही.

याचा अर्थ वागण्याला किंमत नाही असा मुळीच नाही. उलट मी त्याची किंमत कारखान्यात रोज बघते.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक हुशार मुलगा लागला. मार्क उत्तम, ड्रॉइंग वाचण्यात तर त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. पहिल्या काही आठवड्यांतच त्याने लाईनवर सगळ्यांसमोर एका जुन्या ऑपरेटरला म्हटलं, "तुम्हाला यातलं काही कळत नाही, मी सांगतो तेवढं करा." ते ऑपरेटर काका काही बोलले नाहीत. पण आमच्याकडचे जुने ऑपरेटर मशिनचा आवाज ओळखतात. इन्सर्ट, म्हणजे हत्याराचं कापणारं टोक, झिजायला लागला की कापण्याचा सूर बदलतो, निघणाऱ्या चिपचा रंग बदलतो, पृष्ठभागावर बारीक चट्टे दिसायला लागतात. हे सगळं कुठल्याही गेजच्या आधी त्यांना कळतं आणि ते साहेबाला हाक मारतात. या मुलाला हाक मारणं बंद झालं. कोणी ठरवून केलं नव्हतं. फक्त कोणाला त्याच्याकडे जावंसं वाटेना. मग ज्या गोष्टी मशिनपाशी कळायच्या त्या फायनल इन्स्पेक्शनला कळायला लागल्या, रिजेक्ट पीस टाकायची लाल बिन भरल्यावर. त्याचं ज्ञान तसूभरही कमी झालं नव्हतं. पण त्या ज्ञानाला माहिती पुरवणारी माणसं तुटली होती.

असा मुलगा मुलाखतीत ओळखायचा कसा? "तू टीम प्लेअर आहेस का" असं विचारून ओळखता येत नाही, त्याला सगळे हो म्हणतात. मी प्रोजेक्टबद्दल विचारते. चौघांनी मिळून केलेला प्रोजेक्ट असतो. त्यातलं वेल्डिंग कोणी केलं, मोटर कोणी आणली, पहिल्यांदा चालला नाही तेव्हा चूक कोणाच्या लक्षात आली? ज्याच्या उत्तरात बाकीच्या तिघांची नावं आणि कामं सहज येतात, त्याच्याबद्दल मला भरवसा वाटतो. ज्याच्या प्रोजेक्टमध्ये सगळं त्यानेच केलेलं असतं, त्याला मी अजून चार प्रश्न विचारते. आणि एक प्रश्न मी कधी गाळत नाही: "लॅबमध्ये तुला हाताने करायला कोणी शिकवलं?"

मुलाखती कशा घ्याव्यात यावरही बराच अभ्यास झालेला आहे आणि तो पुण्यातल्या एचआरच्या लोकांनी जरूर वाचावा. श्मिट आणि हंटर या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली ८५ वर्षांचं संशोधन एकत्र करून मांडलं. निवडीच्या वेळचा अंदाज पुढे कामाशी किती जुळतो हे त्यांनी आकड्यात दिलं. शून्य म्हणजे काहीच नाही, एक म्हणजे तंतोतंत. गप्पांसारख्या, सुचेल ते विचारलेल्या मुलाखतीला ०.३८, आणि सगळ्यांना तेच प्रश्न, ठरलेल्या मार्कांनी, अशा आखीव मुलाखतीला ०.५१. २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी हा हिशोब दुरुस्त केला. बहुतेक आकडे खाली आले, पण आखीव मुलाखत ०.४२ वर सगळ्यात वर आली आणि गप्पांची मुलाखत ०.१९ वर घसरली. कामाचं ज्ञान तपासणारी चाचणी ०.४० वर होती. म्हणजे "दोन मिनिटांत माणूस ओळखतो" असं म्हणणाऱ्या साहेबांपेक्षा आधी लिहून ठेवलेली प्रश्नांची यादी आणि कामाची परीक्षा जास्त खरं सांगते. आम्ही आता प्रत्येकाला तेच प्रश्न विचारतो आणि कुठल्या उत्तराला किती मार्क, हे मुलाखतीच्या आधी कागदावर लिहितो. यात गावाकडच्या मुलांचं नुकसान थांबलं हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आखीव मुलाखतीहून चांगलं एकच आहे, वर्षभर सोबत काम करून बघणं. अप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे, आणि पिंपरी-चिंचवडच्या मोठ्या कारखान्यांत अप्रेंटिस म्हणून लागून पुढे सुपरवायझर झालेली माणसं या भागातल्या कितीतरी घरांत आहेत. अप्रेंटिस कसा मोजतो, चुकला तर सांगतो की पीस लपवतो, दुसऱ्याच्या मशिनपाशी मदतीला जातो का, हे वर्षभरात आपोआप कळतं. पण प्रत्येक जागेसाठी वर्षभर थांबता येत नाही, म्हणून टेबलावर शाफ्ट.

आता इंग्रजीबद्दल, कारण खरा वाद तिथेच आहे.

आमच्या मूल्यमापनाच्या फॉर्मवर 'कम्युनिकेशन' असा एक रकाना होता. एचआरकडून त्यात जे मार्क यायचे, ते खरं तर इंग्रजीचे असायचे. वर सांगितलेल्या त्या मुलीला तिथे दहापैकी तीन मिळाले होते. मी आमच्या एचआरच्या सहकाऱ्यांना दुपारी तीनच्या शिफ्ट बदलाला लाईनवर घेऊन गेले. म्हटलं, इथे जे चाललंय ते ऐका. मशिन लावून देणारा पहिल्या शिफ्टचा सेटर दुसऱ्या शिफ्टच्या सेटरला सांगत होता: "तीन नंबरला दोनदा ऑफसेट (टूलच्या जागेची दुरुस्ती) दिलाय, इन्सर्ट अजून बदललेला नाही. साईज वरच्या बाजूला सरकतीये. पहिला पीस क्वालिटीला दाखवल्याशिवाय चालू करू नको. ट्रेमध्ये वेगळे ठेवलेले पीस चेक व्हायचेत, ते बाकीच्यांत मिसळू नको." मग शेजारच्या मशिनवरच्या बिहारच्या ऑपरेटरला तेच हिंदीत. दोन मिनिटांत काय झालं, काय राहिलं, काय करायचं नाही, हे सगळं समोरच्यापर्यंत पोचलं. रात्रीची शिफ्ट याच्यावर चालते. हेच कम्युनिकेशन. त्यात इंग्रजी वाक्य एकही नव्हतं, आणि त्यातला एक तुकडा गळला असता तर सकाळी रिजेक्शनचा ढीग लागला असता.

इंग्रजी नको असं मी कधीच म्हणणार नाही. कस्टमरची कम्प्लेंट आली की दोषाचं मूळ कारण शोधून मांडणारा आठ टप्प्यांचा एट-डी रिपोर्ट इंग्रजीत लिहावा लागतो, परदेशातल्या कस्टमरशी कॉलवर बोलावं लागतं. पुढे जायचं असेल त्याला ते शिकावंच लागेल, आणि लवकर शिकावं. पण ते शिकवता येतं. आमच्याकडे मराठी माध्यमातून आलेली मुलं जुने रिपोर्ट वाचून, नक्कल करून, माझ्याकडून लाल शाईच्या खुणा घेऊन वर्षाभरात व्यवस्थित रिपोर्ट लिहायला लागली आहेत. मूळ कारण सापडलेलं असेल तर ते मोडक्या इंग्रजीतही लिहिता येतं. कारणच सापडलं नसेल तर सुंदर इंग्रजी काय लिहिणार? गरम पीस खाली ठेवून थांबायची सवय, किंवा "माझ्याकडून ऑफसेट चुकीचा पडला" हे फोरमनला जाऊन सांगायची सवय, ही अशी नक्कल करून येत नाही. ती असलेलं माणूस टेबलासमोर बसलेलं असताना त्याला इंग्रजीसाठी परत पाठवणं, यात कारखान्याचंच नुकसान आहे.

त्या मुलीला आम्ही घेतलं. आज ती आमच्या एका लाईनची क्वालिटी सांभाळते.

मुलाखतीला येणाऱ्यांना दोन-तीन गोष्टी कामाच्या म्हणून सांगते. येताना प्रोजेक्टचा एखादा पार्ट किंवा जॉबवरची वही असेल तर घेऊन या, त्यावर बोलणं सोपं जातं. साधन ओळखीचं नसेल तर "हे मी वापरलेलं नाही, दाखवता का" म्हणा. मी तरी त्याचे मार्क कापत नाही, उलट दाखवल्यावर तुम्ही किती लवकर उचलता ते बघते. प्रश्न इंग्रजीत आला आणि उत्तर मराठीत नीट येत असेल, तर परवानगी मागून मराठीत द्या. बऱ्याच ठिकाणी चालतं, फक्त कोणी विचारत नाही. आणि लॅबचा तास कुठल्याही क्लाससाठी बुडवू नका.

फॉर्मवरचा तो रकाना या वर्षी ट्रेनीच्या जागांसाठी आम्ही काढून टाकला. त्याच्या जागी आता तोंडी हँडओव्हर आहे: उमेदवाराला एका शिफ्टच्या नोंदींचा कागद द्यायचा, पाच मिनिटं वाचू द्यायचं आणि मग त्याने लाईन इन्चार्जला मराठी किंवा हिंदीत शिफ्ट सोपवायची. इन्चार्ज ऐकून स्वतः लिहितो, की त्याला काय कळलं. कागदावरच्या किती गोष्टी त्याच्यापर्यंत पोचल्या, तेवढे मार्क. इंग्रजी लेखन वेगळं, ज्या जागेला लागतं तिथेच. पदवीधर इंजिनिअरांच्या जागांसाठी मात्र जुनाच फॉर्म चालू आहे. एचआरचं म्हणणं, तिथे कस्टमर समोर असतो. माझं म्हणणं, तिथेही आधी शाफ्ट आणि हँडओव्हर, मग इंग्रजी. पुढच्या महिन्यात त्यावर बैठक आहे, आणि मी मागच्या दोन बॅचचे मार्क आणि त्यांचं आजचं काम शेजारी शेजारी मांडून घेऊन जाणार आहे.